जाळं आलं की खुर्च्या मागे

आमच्या गावात दिवसाढवळ्या वाळूवर कोणी आडवा पडलेला दिसला, तर लोक आधी तो जिवंत आहे का ते बघतात. मग तोंडाचा वास घेतात. दोन्हीतून काही निघालं नाही तर त्याच्या घरी निरोप जातो. त्यामुळे टोबॅगो बेटावरच्या त्या बीच क्लबात माझ्या लेकीने एका लांबलचक खुर्चीकडे बोट दाखवून "बाबा, तुमी हयसर आडवे पडा," असं सांगितलं, तेव्हा मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. सकाळचे नऊ वाजले होते. मला ताप नव्हता.

मी मालवणच्या उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच. बी. कॉम., सेकंड क्लास. हे मी कोणी विचारल्याशिवायही सांगतो आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पुढे ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, चार-पाच गावांची दप्तरं सांभाळली आणि निवृत्त झालो. समुद्र रोज बघितला, पण देवगडच्या पलीकडचा समुद्र कसा असतो हे बघायला साठी उलटावी लागली.

टोबॅगो म्हणजे वेस्ट इंडीज बेटांतलं एक चिमुकलं बेट. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जातं. विमानं तीन लागली, पाय सुजले. त्याचं वर्णन करून तुमचा वेळ खात नाही.

माझी एकुलती लेक सायली तिथे तीन वर्षं काम करते. गोव्यात हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि तिथूनच उडाली. आता तिचा करार संपत आला होता. साहेबाने नवा करार पुढे ठेवला होता, तोही तीन वर्षांचा, आणि आम्ही क्लबात गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हो की नाही ते सांग म्हणाला होता. तिला घरी यायचं होतं. पण घरी येऊन करायचं काय, याचं तिच्या डोक्यात एकच उत्तर होतं आणि त्या उत्तराची चावी माझ्या खिशात होती.

चावी मांगराची. आमचा मांगर म्हणजे माडांखाली, वाळूला लागून असलेली लांब कौलारू पडवी. माझ्या बाबांची रापण तिच्यात ठेवलेली आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन टोकांच्या दोऱ्या दोन रांगांनी वाळूवर ओढायच्या. बाबा गेले त्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून मांगराला कुलूप. सायलीला तिथे अशाच आरामखुर्च्या मांडायच्या होत्या, मागे छोटं स्वयंपाकघर, आल्यागेल्याला मालवणी जेवण. वर्षभर ती फोनवर सांगत होती आणि वर्षभर मी नको म्हणत होतो. शेवटी म्हणाली, "बाबा, एकदा येवन बघा. बघून मगे नको म्हणा."

म्हणून गेलो. बघून नको म्हणायला.

निळी पट्टी

फाटकावर एका मुलीने हसून आमच्या मनगटांना निळी कागदी पट्टी चिकटवली. माझी बायको सुनंदा मूळची धामापूरची, तळ्याकाठची. समुद्राशी तिचं लग्न झाल्यापासून जमलेलं नाही. तिने हात उलटासुलटा करून बघितला.

"ह्या काय गो, हॉस्पिटलात बांधतत तसला?"

"आई, ह्या मनगटाक आसला की खाणा-पिणा सगळा फुकट," सायली म्हणाली.

"मगे माका दोन बांधूक सांग."

सायलीने आमच्यासाठी अर्ध्या दिवसाचे पास काढले होते, नऊ ते दोन. ती स्वतः कामावर होती. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात शिटी, पायात कॅनव्हासचे बूट. आम्हाला खुर्च्या दाखवून ती लगेच निघून गेली.

आता जागेचं सांगतो. चंद्रकोरीसारखा उपसागर, दोन्ही टोकांना काळे खडक. मागे माड आणि आपल्याकडे असतात तसलेच देशी बदाम, पानं लाल होऊन वाळूत पडलेली. पाणी मात्र आपल्यासारखं नाही. काठाशी हिरवं, पुढे निळं, आणि इतकं नितळ की आपली पावलं आपल्यालाच ओळखीची वाटतात. एवढा समुद्र समोर असताना त्यांनी काठावर पोहायचा हौदही बांधलाय. समुद्राकडे पाठ करून सहा-सात माणसं त्यात डुंबत होती.

"ह्यांका समुद्र दिसाक नाय की काय?" सुनंदा म्हणाली.

मी हसलो खरा, पण मनात आलं, पाठ तर आमचीही असते. आमच्या गावची सगळी घरं समुद्राकडे पाठ करून बांधलेली. दार पूर्वेला, रस्त्याकडे. समुद्राच्या बाजूला न्हाणीघर नाहीतर गोठा. समुद्राकडे तोंड करून नुसतं बसलंय असं माणूस मी लहानपणी पाहिलं नाही. समुद्र हे कामाचं ठिकाण. कचेरीसमोर खुर्ची टाकून कचेरीकडे बघत कोणी बसतं का?

शेवटी पडलो त्या खुर्चीत. पँट-शर्टात. बुटांचं काय करायचं कळेना, ते पोटावर ठेवले. मग सुनंदाने ते काढून खाली ठेवले आणि म्हणाली, "आता बरे दिसतास. मगापासून प्रेत वाटत होतास."

एवढ्यात सायली ताट घेऊन आली. आमच्यासाठी नाही. आमच्या पुढच्या रांगेत एक जोडपं होतं, उन्हाने लालबुंद झालेलं. त्यांच्यासाठी दोन शहाळी. वाकून तिने त्यांच्या हातात ती दिली. बाईने डोळे न उघडताच हात पुढे केला होता.

मांगर न देण्याची माझी कारणं दोन होती. एक मी फोनवर मोठ्याने सांगायचो: गावात अजून एक रापण चालते, बाबल्याची. आमच्याच मांगरासमोर ओढतात. तिथे खुर्च्या मांडल्या तर त्यांनी दोरी कुठून न्यायची? हे खरंच होतं. दुसरं कारण मी सांगत नव्हतो. ते त्या बाईच्या न उघडलेल्या डोळ्यांत होतं. मी शिकलो, पोरीला शिकवलं, ते लोकांच्या हातात शहाळी द्यायला नाही. तिथे निदान कोणी ओळखीचं नव्हतं. गावात तर सगळेच ओळखीचे.

नीरफणस

खाण्याच्या बाबतीत त्या बेटाने मला पहिला धक्का दिला. दहाच्या सुमाराला छोट्या ताटल्या फिरू लागल्या. एकीत तळलेले काप होते. मी तोंडात टाकला आणि सुनंदाकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती.

"नीरफणस," ती म्हणाली.

नीरफणसच. वरचं पीठ तेवढं निराळं. दुसऱ्या वाटीत हिरवं दाट काहीतरी होतं. एक चमचा घेतल्यावर सुनंदाने डोळे मिटले. "अळू आसा. नारळाच्या रसातला." वाटी घेऊन आलेल्या बाईला तिने हातवारे करून विचारलं, पानाचा आकार हवेत काढून दाखवला. त्या बाईनेही हवेत तसाच आकार काढला. दोघींनी मान डोलावली. दोघींत एकही शब्द झाला नाही.

आमच्या घरी नीरफणसाचं झाड विहिरीपाशी होतं. रापण लागली नाही, म्हणजे दिवसभर ओढून जाळं रिकामं आलं, की आई नीरफणसाचे काप करायची. मासळी नसल्याचं दुःख पोरांना कळू नये म्हणून ते माशासारखेच मसाला लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकायची. बाबा पाट ओढून बसले की म्हणायचे, "आज काय, विहिरीतलो मासो?" आणि मोठ्याने हसायचे. खांद्यावर दोरीचे वळ, हातांना मिठाच्या भेगा, आणि माणूस हसतोय. मला त्या वयात ते हसणं आवडायचं नाही. रिकाम्या जाळ्यावर हसण्यासारखं काय आहे, असं वाटायचं. आता त्या खुर्चीत पडल्या पडल्या मला ते हसणं स्पष्ट ऐकू आलं आणि हातातला काप मी ताटलीत परत ठेवला.

बारावी पास झालो तेव्हा मीही दोरीवर होतो. सुट्टीत सगळीच पोरं असायची. मालवणला कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखा रांगेत जाऊन उभा राहिलो. बाबांनी माझ्या हातातून दोरी काढून घेतली. रागाने नाही. "दोरी आमी बघून घेतंव," ते म्हणाले. "तू पेन धर."

मी पेन धरलं. इतकं घट्ट धरलं की पुन्हा दोरीला हात लावलाच नाही. नोकरी लागल्यावर मोटरसायकलवरून किनाऱ्याने यायचो तेव्हा रापण चाललेली असायची. रांगेतला कोणीतरी हमखास ओरडायचा, "ओ भाऊसाहेब, हात लावतास काय? की इस्त्री मोडतली?" सगळे हसायचे. मीही हसायचो, हात हलवायचो आणि पुढे जायचो. बाबा तेव्हा माझ्याकडे बघत नसत. ते पाण्याकडे बघत असत.

वाऱ्याची झुळूक चांगली होती. मागे कुठेतरी कोणी पत्र्याच्या पिंपाचं केलेलं वाद्य वाजवत होतं. देवळातल्या लहान घंटा पावसात ओल्या होऊन वाजाव्यात तसा आवाज. सुनंदा घोरू लागली होती. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटू लागलं होतं.

पांढरी दोरी

तेवढ्यात पाण्यावर मला एक डाग दिसला.

उजवीकडच्या खडकाच्या अलीकडे, हिरव्या पाण्यात काळपट, सरकणारा. त्याच्यावर झोळीसारख्या चोचीचे मोठे पक्षी दगडासारखे पडत होते. मी ताडकन उठून बसलो.

"म्हावरा!" माझ्या तोंडून निघालं.

"खंय?" सुनंदा झोपेतच म्हणाली.

पेन धरून आयुष्य गेलं तरी डोळे रापणीचेच राहिले होते. आणि त्या डागाच्या पलीकडून एक होडी गोल वळण घेत निघाली होती. मागे एक माणूस उभा राहून जाळं सोडत होता. थेट आमच्यासारखं. होडी तेवढी रंगीत.

बूट न घालताच निघालो. खुर्च्यांची पुढची रांग संपते तिथे वाळूवर एक पांढरी जाड दोरी आडवी पसरलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यापाशी येऊन थांबलो. बाबांचा दंडक होता: वाळूवर पडलेली दोरी ओलांडायची नाही. कितीही घाई असो, टोकाला वळसा घालून जायचं. लहानपणी एकदा ओलांडली म्हणून कान इतका पिळला होता की शाळेत मास्तरांनी विचारलं. तेव्हा ही दोरी क्लबची असो की कोणाची, माझा पाय उचलेना. मी वळसा घ्यायला निघालो. दोरी लांबच लांब. हौदाच्या मागून, स्वयंपाकघराच्या बाजूने, माडांतून. पहारेकरी "सर, सर, इकडून" म्हणून दोरीवरून उडी मारून दाखवू लागला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला गुडघ्याचा त्रास असेल. शेवटी त्याने मला हात देऊन पलीकडे घ्यायची तयारी दाखवली. मी त्याला नमस्कार केला आणि पूर्ण वळसा घालून पोचलो. घामाघूम.

पलीकडे वाळूवर दहा-बारा माणसं जमली होती. म्हातारे, दोन बाया, दुकान बंद करून आलेला एक जण. त्यांचा म्होरक्या अर्ल नावाचा माझ्याच वयाचा काळा, उंच, सुकलेल्या लाकडासारखा माणूस. त्याचं इंग्रजी गाण्यासारखं वरखाली होई, प्रत्येक वाक्य मी दोनदा सांगायला लावलं. पण आधी त्यानेच मला विचारलं, "दोरी ओलांडली का नाहीस?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझा बाप हेच काम करायचा.

अर्लने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पँट, शर्ट, खिशातलं पेन, अनवाणी पाय. "तू सायलीचा बाप," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"आजोबांच्या जाळ्याचं तिने सांगितलंय," तो म्हणाला आणि त्या पांढऱ्या दोरीकडे बोट दाखवून सांगू लागला. पूर्वी क्लबच्या खुर्च्या थेट पाण्यापर्यंत असत. जाळं आलं की रोज भांडण. साहेब म्हणायचा उद्या या, मासे काय उद्या येतात? मग ही मुलगी कामाला लागली. पहिल्याच महिन्यात ती त्यांच्या खोपीत येऊन बसली आणि तिने विचारलं, तुम्हाला वाळू किती लागते? "आम्ही इथे जन्मलो," अर्ल म्हणाला. "हे आम्हाला कोणीच विचारलं नव्हतं." त्यांनी पावलं मोजून दाखवली, तिने तेवढ्यावर दोरी टाकली. खुर्च्या तिच्या पलीकडे. आणि मोठं जाळं आलं की दोरीसकट पुढची रांग आणखी मागे.

माझी समजूत होती की सायलीने रापण बघितलीच नाही. ती माझ्यासारखीच इस्त्रीच्या कपड्यांत वाढली, इंग्रजी शाळेत गेली. आजोबांच्या मांगराजवळ ती खेळायची, एवढंच माझ्या लक्षात होतं. खेळता खेळता ती काय बघत होती ते मी कधी विचारलं नाही.

शिटी वाजली. सायली रांगेपुढे येऊन उभी राहिली होती. "जाळं आलं, खुर्च्या मागे," असं ती मोठ्याने, हसत, पण ठाम आवाजात इंग्रजीत सांगत होती. लोक उठू लागले. मघाचा लालबुंद गृहस्थ उठेना. त्याने मनगटावरची पट्टी दाखवली. सायली त्याच्याशी वाकून काहीतरी बोलली. तो मान हलवत राहिला. मग तिने शेजारची, त्याची बायको डोळे मिटून पडली होती ती खुर्ची मागून धरली आणि बायकोसकट ओढायला सुरुवात केली. बाईने डोळे उघडले. चांगले टक्क उघडले. आणि हसत सुटली. नवरा शरमून उठला, सायली त्याला म्हणाली, हवं तर तुम्हीही ओढा. पाच मिनिटांनी तो आमच्या रांगेत होता.

हो, आमच्या. अर्लने मला विचारलंही नाही. दोरी माझ्याकडे सरकली आणि मी धरली.

चाळीसएक वर्षांनी. हात विसरले नव्हते. टाच वाळूत रुतवायची, पाठीवर वजन टाकायचं, मागे मागे चालायचं. वर पांढऱ्या दोरीपाशी पोचलं की हातातली दोरी सोडायची, चालत खाली पाण्यापाशी यायचं आणि पुन्हा पहिल्या जागी धरायची. दोन खेपांत शर्ट भिजला. चौथ्या खेपेला खिशातलं पेन पडलं, ते कोणाच्या तरी पायाखाली गेलं, मी बघितलं नाही. इकडची रांग आणि तिकडची रांग हळूहळू जवळ आली. सुनंदा पांढऱ्या दोरीच्या टोकाला वळसा घालून आली होती आणि काठावर उभी राहून माझ्यावर ओरडत होती, "ओ, कंबार सांभाळा! मागे पडलास तर उचलूक कोण नाय!"

जाळं आलं. चांदीसारखं उसळत होतं. बांगड्याच्या लांबच्या चुलतभावासारखे मासे, काही कुप्यासारखे, पेडव्यासारखी बारीक मासळी ढिगाने.

वाटा

आता झालेली चूक सांगतो. अर्ल वाटे घालू लागला. ज्याने ओढलं त्याला वाटा, लालबुंद गृहस्थालासुद्धा. माझ्या पुढ्यात पाच मासे आले. मी दोन्ही हात जोडून म्हणालो, "नो, नो, थँक यू." नोकरीत असताना कोणाच्या परसातलं शहाळंही घेतलं नाही, ती सवय. त्यात मला थोडा मोठेपणाही वाटत होता.

अर्लचा चेहरा उतरला. मासे तसेच ठेवून तो पुढे गेला. सायली माझ्याजवळ आली.

"बाबा, घेवा. नाय घेतलास तर तो म्हणतलो, ह्यो माणूस नुसतो खेळाक इल्लो."

मी खाली वाकलो आणि मासे उचलले. दोन हातांत पाच मासे धरता येत नाहीत. शर्टाच्या ओच्यात घेतले. अर्लने लांबून बघितलं आणि एक सहावा मासा माझ्याकडे फेकला. तो माझ्या छातीवर आदळला. सगळी रांग हसली. ते हसणं मला ओळखीचं होतं आणि या वेळी मी मोटरसायकलवर नव्हतो.

सुनंदा ते मासे घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिथली आचारीण मिस पर्ल, मघाची अळवाची वाटी घेऊन आलेली बाई. सुनंदाने पर्समधून तिरफळांची पुरचुंडी काढली. परदेशात जाताना ही बाई पासपोर्ट विसरेल, तिरफळं नाही. मिस पर्लने एक तिरफळ दाताखाली धरलं आणि जीभ बधिर झाल्यावर तिने जो काही आवाज काढला, त्याने हौदातली माणसं वळून बघू लागली. मग दोघींनी मिळून नारळ किसला.

एक वाजता सायलीला अर्ध्या तासाची सुट्टी होती. आम्ही स्वयंपाकघराच्या मागे, नोकरमाणसांच्या बाकावर जेवायला बसलो. पानात भात, माशांचं तिखलं, आणि मिस पर्लने हट्टाने वाढलेला नीरफणस. सायली घाईघाईने जेवत होती. तीन वर्षांत ती अशी जेवायला शिकली असावी. मानेवर उन्हाचा काळा पट्टा पडला होता. हात मात्र माझ्या आईसारखे, मोठ्या पंजाचे. हे मी याआधी कधी बघितलं नव्हतं की बघून सोडून दिलं होतं, कोण जाणे.

तिने मला सकाळपासून मांगराचं एकदाही विचारलं नव्हतं. मी काटा काढून पानाच्या कडेला ठेवला.

"खुर्च्यो किती ठेवतलंस?"

तिचा घास हातात राहिला. सुनंदाने माझ्याकडे बघितलं आणि लगेच पानाकडे बघितलं.

"बारा," सायली म्हणाली.

"बारा? लगीन आसा काय?"

"आठ."

"दोन्ही बाजूनी दोरी घेवक जागा लागतली. बाबल्याक विचारलंस?"

"विचारलंय. चतुर्थीक इल्लंय तेवाच."

"काय म्हणालो तो?"

"म्हणालो, सा ठेव. रापण इली की सगळ्यो मागे घे. पण बापाशीक विचार, चावी तेच्याकडे आसा."

म्हणजे गावाला विचारून झालं होतं. मी एकटा उरलो होतो. मला राग यायला हवा होता. थोडा आलाही.

"मगे माका सांगलंस नाय ता? इतक्या लांब कशाक हाडलंस?"

"सांगून तुमी आयकतास काय?"

"ह्या बाकी खरा," सुनंदा म्हणाली.

मी पाणी प्यालो. माझं दुसरं कारण अजून बाकी होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि आता कोणाला सांगायचं राहिलंही नव्हतं. बायकोसकट खुर्ची ओढणाऱ्या पोरीला कोण कमी लेखणार होतं? उलट ज्याने दोरी सोडली त्या माणसाने मांगर का अडवून धरावा, असा प्रश्न कोणी मला विचारला असता तर मी काय उत्तर दिलं असतं?

"सा ठेव," मी म्हणालो. "बाबल्याचा आयक."

सायलीने हात धुतले, शर्टाला पुसले, आणि ती कचेरीच्या पायऱ्या चढून गेली. काचेतून साहेब दिसत होता. तो आधी हसला, मग हात पसरले, मग बराच वेळ बोलत राहिला. सायली उभीच होती. एकदा तिने मान हलवली, नाही म्हणून. मग दुसऱ्यांदा. मी बाकावरून उठून माडाला टेकलो. सुनंदा पुटपुटत वेतोबाला नारळ कबूल करत होती.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा हसरा. आमच्याकडे आली नाही. जाळं कधीच गुंडाळून झालं होतं, वाळू मोकळी होती, आणि मागे नेलेल्या खुर्च्या पुन्हा पुढे आणायचं काम तिचं होतं. कराराचे अजून काही आठवडे बाकी होते. ती एका खुर्चीला भिडली. लाकडी, जड खुर्ची, एकट्याने ओढली की पाय वाळूत रुततात.

मी गेलो आणि दुसरं टोक धरलं.

"बाबा, सोडा. तुमी हयसर गिऱ्हाईक आसास."

"उचल," मी म्हणालो.